टोबर व्रीचं काय करायचं?

ऑफिसात माझं काम पत्त्यांचा डेटा साफ करण्याचं. एका गावाची पाच स्पेलिंग आली, की एक ठेवायचं, चार उडवायची. यात कुणाचं काही बिघडतं असं वाटलं नव्हतं, ब्रायन फ्रीलचं ‘ट्रान्सलेशन्स’ वाचेपर्यंत.

१९८० साली डेरी शहरात पहिला प्रयोग झालेलं हे नाटक १८३३च्या आयर्लंडमध्ये घडतं. ब्रिटिश सैन्य नकाशा बनवतंय, आयरिश नावं इंग्रजीत बसवतंय. गावचाच मुलगा ओवेन त्यांचा दुभाषा. लेफ्टनंट योलंड मात्र त्या नावांच्याच प्रेमात पडलेला.

नाटकाचा जीव मला टोबर व्री या चौरस्त्यात दिसतो. टोबर म्हणजे विहीर; व्री हे ‘ब्रायन’चं झिजलेलं रूप. हा ब्रायन कधीकाळी तिथल्या विहिरीत बुडाला. विहीर आटली, गोष्ट ओवेनशिवाय कुणाला ठाऊक नाही. मग नाव ठेवायचं कशाला? हे विचारतो गावचा ओवेन, आणि ‘ठेवायचं’ म्हणतो परका योलंड. फ्रीलने बाजू अशा उलटवल्यात, म्हणून प्रश्न खरा वाटतो.

पुढे योलंड बेपत्ता होतो. कॅप्टन लान्सी घरं पाडायची धमकी देताना नवी इंग्रजी नावं वाचतो आणि ओवेनला तीच गावं पुन्हा आयरिशमध्ये सांगावी लागतात. प्रसंग अंगावर येतो, पण इथे नाटक सोपंही होतं. गुन्हेगार ठरला की विचार थांबतो. प्रत्यक्षात त्या सर्वेक्षणात जॉन ओ'डोनोव्हनसारखा आयरिश अभ्यासक होता. तो गावोगाव फिरून लोकांकडून मूळ नावं टिपून घेत होता. ती वह्यांत राहिली; नकाशावर इंग्रजी वळणाची छापली गेली. नाटकात हा माणूस नाही, याची मला चुटपुट लागते.

१९६७ साली जिनिव्हात स्थलनामांच्या प्रमाणीकरणावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद झाली. तिचं सूत्र असं, की आधी देशाने आपली नावं ठरवावीत, मग जगाने ती वापरावीत. यातून लान्सीचा बंदोबस्त होतो. ओवेनचा प्रश्न तसाच राहतो. आयर्लंडच्याच सरकारने या शतकात ‘डिंगल’ गावाचं अधिकृत नाव आयरिश ‘अन डॅंगन’ केलं, तेव्हा २००६च्या मतदानात गावकऱ्यांनी ते नाकारलं. सरकार आपलं, भाषा आपली, तरी ‘आमचं नाव’ म्हणून त्यांनी मागितलं ते ‘डिंगल’ही.

मी आता ती चार स्पेलिंग उडवत नाही. ‘इतर नावं’ असा कॉलम ठेवलाय. पण स्क्रीनवर दिसायला एकच जागा आहे, आणि तिथे काय यावं हे अजून मीच ठरवतो. त्या गावात मी कधी गेलेलो नसतो.