आलेख जुळला, मग?

अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी पहिल्यांदा शॉट पीनिंग पाहिलं. कपाटासारखं बंद मशीन, आत फिरणारी स्प्रिंग आणि तिच्यावर पोलादी गोळ्यांचा मारा. पत्र्याच्या छपरावर पावसाची सर कोसळावी तसा आवाज. मशीनवरच्या काकांनी विचारलं, "कॉम्प्युटरवर किती गोळ्या मारता?" म्हटलं, "नऊ." ते हसले. मीही हसलो, पण परतताना हिशेब केला. एस २३० हा शॉट साधारण ०.६ मिलिमीटर व्यासाचा. एका किलोत अशा बारा लाखांच्या आसपास गोळ्या बसतात.

प्रत्येक गोळी पृष्ठभागावर खळगा पाडते. वरचा थर पसरू पाहतो, खालचा धातू त्याला पसरू देत नाही. म्हणून वरच्या थरात दाबाचा अवशिष्ट ताण राहतो आणि तडा सहज उघडत नाही. स्प्रिंग, गिअर, विमानाचे भाग जास्त टिकतात ते यामुळे. म्हणजे मॉडेलने हा ताण फुगवून सांगितला, तर आयुष्याचा अंदाजही फुगतो.

तुम्ही या विषयावर लिटरेचर सर्व्हे करायला बसलात की एक साचा वारंवार दिसेल: रंगीत चित्र, खोलीनुसार ताणाचा आलेख, त्यावर एक्स-रेने मोजलेले चार-सहा बिंदू आणि खाली 'चांगला मेळ'. टोरांटोच्या मेगिड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अनेक गोळ्यांचं 'सिमेट्री सेल' मॉडेल मांडलं. एक छोटा चौकोनी खांब घ्यायचा, बाजूंवर सममिती लावायची, म्हणजे थोड्या गोळ्यांत अख्खा पृष्ठभाग झाकला गेल्यासारखं होतं. त्या काळच्या संगणकांसाठी ही युक्ती फारच हुशारीची होती, यात वाद नाही. माझी तक्रार पुढच्यांबद्दल आहे, ज्यांनी (माझ्यासकट) ती न तपासता उचलली.

पहिली अडचण सरासरीची. एक्स-रेचा ठिपका समजा २ मिलिमीटर व्यासाचा आणि खळगा ०.२ चा, म्हणजे ठिपक्याच्या क्षेत्रफळात शंभर खळगे मावतात. मोजमाप या सगळ्यांची सरासरी देतं. आणि आपण त्याच्या शेजारी काय ठेवतो? एका खळग्याच्या मध्याखालची रेघ! माझ्या पहिल्या आलेखात हेच होतं. गाइडनी एवढंच विचारलं, "किती नोड्सची सरासरी?" एकाही नाही. सरासरी काढल्यावर तो सुंदर मेळ गेला, आणि त्याबरोबर माझे चार महिनेही.

दुसरी अडचण मटेरियलची. एकाच जागी पुन्हा पुन्हा मार बसतो, धातू उलटसुलट विकृत होतो. तरी अनेकजण साधं आयसोट्रॉपिक हार्डनिंग वापरतात, आणि त्यात दाबाचा ताण बहुधा जास्तच येतो. मग घर्षण थोडं हलवा, डॅम्पिंग थोडं हलवा, की आलेख बसतो. तीन कळा हातात असताना एक आलेख जुळवण्यात काय मर्दुमकी?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. बाजू घट्ट धरलेल्या खांबाला वाकता येत नाही. खरी पट्टी मात्र वाकते, आणि वाकल्यावर ताणाचं वाटप बदलतं. खांबातला ताण आणि वस्तूत शेवटी उरलेला ताण एकच समजून चालत नाही.

गंमत म्हणजे याची तपासणी त्याच युनिटच्या टेबलावर पडलेली होती. अल्मेन पट्टी: स्प्रिंग स्टीलची, ७६ बाय १९ मिलिमीटर, 'ए' प्रकारची जाडी सुमारे १.३. एका बाजूने मारा करायचा, सोडवायची, आणि मार बसलेल्या बाजूने ती किती फुगली ते गेजवर पाहायचं. वेळ दुप्पट केल्यावर कमान फक्त दहा टक्के वाढते तो बिंदू म्हणजे सॅच्युरेशन, आणि तिथली कमान म्हणजे इंटेन्सिटी. काका हे दिवसातून कितीतरी वेळा करतात.

म्हणून पेपर वाचताना शोधा: ज्या आकड्यांवर ताणाचा आलेख जुळवला, तेच न हलवता लेखकाने पट्टीची कमान काढून दाखवलीय का? तसं करणारे पेपर आहेत, आणि ते वाचायला मजा येते, कारण तिथे मॉडेल चुकण्याची खरीखुरी शक्यता असते.

माझं चुकलं. माझी पट्टी काकांच्या पट्टीपेक्षा बरीच जास्त वाकली. हार्डनिंग बदलून रन लावलाय. शुक्रवारी पुन्हा मरोळला जाऊन नव्या पट्ट्या आणायच्या आहेत.