सोयराबाईचा विटाळ आणि शाळेतली मुलगी

मंगळवेढा म्हटले की चोखामेळा आठवतो. 1338 साली गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून तो इथेच गेला. त्याची बायको सोयराबाई मात्र समीक्षेत अजून त्याच्या सावलीतच उभी आहे.

विटाळावरच्या तिच्या अभंगाचा अर्थ 'देह मलिन, आत्मा निर्मळ' एवढाच लावून मोकळे होता येते. माझ्या मते तिचा खरा युक्तिवाद देहाचा आहे. विटाळ देहातच जन्मतो आणि त्याच्यावाचून जगात एकही देह जन्मत नाही, असे ती सांगते. मग सोवळा कोण? महाराचा स्पर्श आणि बाईची पाळी, दोहोंना व्यवस्थेने एकच शब्द लावला. दोन्ही भोगणाऱ्या बाईने तो शब्द सोवळ्यांच्याच अंगणात नेऊन टाकला.

पण ती विटाळ हा शब्द मोडत नाही, तो सर्वांना सारखा वाटून देते. आज तेवढ्यावर भागणार नाही. पाळी म्हणजे गर्भाशयाचे अस्तर गळून बाहेर पडणे. त्यात विटाळ कसला? पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी येते आणि ऋतुचक्राचा सविस्तर पाठ दहावीच्या विज्ञानात भेटतो. तोवर 'शिवू नकोस' हा धडा घराने पक्का करून घेतलेला असतो. दलितांची घरेही याला अपवाद नाहीत. गावकुसाबाहेरच्या विटाळावर दलित साहित्य पेटून उठले. घरातल्या या विटाळावर बोलायला उर्मिला पवारांसारख्या लेखिकांना 'आयदान' (2003) लिहावे लागले.

8 मार्च 2018 रोजी राज्य शासनाने 'अस्मिता' योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतील 11 ते 19 वर्षांच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत द्यायचे ठरले. अस्मिता हा आपल्या चळवळीचा शब्द! पॅड हवेच, पण मंगळवेढ्यासारख्या दुष्काळी तालुक्यात शाळेच्या संडासात पाणी नसेल, दाराला कडी नसेल, तर मुलगी ते बदलणार कुठे?

आणि वापरलेले पॅड उचलणार कोण? शहरांत कचरा वेचणाऱ्या बाया बहुसंख्येने दलित आहेत. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेला, पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम काढावी लागली. 2016 च्या घनकचरा नियमांनी त्यासाठी वेष्टन पुरवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले होते, तरीही! एका मुलीचा विटाळ दुसरीच्या आईच्या उघड्या हातावर पडत असेल, तर जातीचे काय बिघडले?

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाळीचा धडा सहावीतच, मुलामुलींना एकत्र शिकवा. त्याच्या शेजारी सोयराबाईचा अभंग ठेवा. शाळेत पाणी, कडी आणि झाकणाचा डबा द्या. डबा उचलणारीला हातमोजे आणि पुरती मजुरी द्या. हिशेबात तिला धरल्याशिवाय कुठल्याही योजनेला अस्मिता हे नाव शोभत नाही.