गेरासिमचे खांदे

दिवाळीच्या फराळाबरोबर मरणाची कथा वाढतो आहे, ह्याबद्दल गृहिणींनी रागावू नये. टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ सालची दीर्घकथा मी कॉलेजात वाचली, तेव्हा ती मला नुसती तत्त्वज्ञानाची वाटली होती. पुढे वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, आजारपणात ती पुन्हा हाती आली आणि ती शुश्रूषेची कथा आहे हे ध्यानात आले.

इव्हान इलिच न्यायाधीश. नव्या घरात पडदे लावताना शिडीवरून घसरतो, कुशीला मार बसतो आणि दुखणे वाढत जाऊन जिवावर बेतते. मूत्रपिंड की आंत्रपुच्छ, ह्याचा डॉक्टर खल करीत बसतात. आपण आरोपीशी जसे वागत आलो तसेच हे आपल्याशी वागताहेत, हे न्यायाधीशाला कळून चुकते. (हा टोला फार मार्मिक आहे.) घरची माणसे धीर देऊन नाटकाला निघून जातात. खेड्यातून आलेला पोरगेला नोकर गेरासिम तेवढा त्याचे पाय खांद्यावर घेऊन रात्र रात्र बसतो, आणि खोटे बोलत नाही.

ते खोटे मला झोंबले. अण्णांना आम्हीही ‘आतड्याला सूज आहे’ असेच सांगत होतो. फाईल कपाटावर लपविलेली. आई, काका, मी, सगळेच कटात सामील. एकदा अण्णा म्हणाले, “अरे, विम्याचे कागद एकदा पाहून ठेव.” मी विषय बदलला.

कथेत अफू आहे, मॉर्फिन आहे, तरी रोगी तळमळतो, हे कसे? सिसिली साँडर्स ह्या बाईंनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढले. वेदना शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची अशी चौपदरी असते. आणि मॉर्फिन द्यायचे ते कळ उठण्याआधी, घड्याळ पाहून, असे त्यांनी शिकविले. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन निघाले ते १९८६ साली, कथेला शंभर वर्षे झाली तेव्हा. मात्र १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने रोग्यांच्या मॉर्फिनचीही वाट अडविली होती. ती मोकळी करणारी दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडले!

एका जागी मात्र टॉलस्टॉयशी माझे जमत नाही. इव्हान इलिच शेवटचे तीन दिवस अखंड ओरडतो आणि मग त्याला प्रकाश दिसतो. वेदनेशिवाय ज्ञान नाही, असे लेखकाला सुचवायचे असावे. पण त्यानेच काय लिहिले आहे ते पाहा. बापाचा हात शाळकरी मुलाच्या डोक्यावर पडतो, मुलगा तो ओठांशी नेऊन रडतो, आणि प्रकाश दिसतो तो त्याच क्षणी. मग ते तीन दिवस कशासाठी?

अण्णांना पुढे एका डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या चार-चार तासांनी सुरू केल्या, आणि आम्हाला बाजूला घेऊन चांगले खडसावले. तिसऱ्या रात्री अण्णा झोपले. सकाळी विम्याचे कागद घेऊन मी त्यांच्या खाटेशी बसलो.