टॅपेट लावणारा हात

अवजड गाड्यांच्या गॅरेजात बघ्यांची गर्दी होते ती इंजिन उतरवताना. साखळ्या, चेन-ब्लॉक, आरडाओरडा. त्यात ताकद लागते, नजर लागते, नाही असं नाही. पण मला विचाराल तर मिस्त्रीचं पाणी जोखावं ते तो टॅपेट लावायला, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवायला, बसतो तेव्हा.

1954 साली टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले, त्या घराण्यातलं टाटाचं जुनं 697 घ्या. सहा सिलिंडर एका रांगेत, फायरिंगचा क्रम 1-5-3-6-2-4. हेड कव्हर काढलं की बारा रॉकर उघडे पडतात. पोऱ्या खालून इंजिन फिरवतो आणि मिस्त्री बघत असतो सहा नंबरकडे. तिथला एक्झॉस्ट मिटत आला, इनलेट उघडू लागला, की 'बस!' आणि पाना लागतो तो मात्र एक नंबरला. नवख्याची इथेच विकेट पडते. एक आणि सहाचे पिस्टन जोडीने वर येतात. सहावर ही अदलाबदल चालते तेव्हा एकचे दोन्ही व्हॉल्व्ह पक्के मिटलेले असतात. पाचची जोडी दोनशी, तीनची चारशी. बेरीज दरवेळी सात. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत बाराही उरकतात.

मग फिलर गेज. मिलिमीटरच्या काही दशांश जाडीची पोलादी पात रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवायची. ती जराशी अडावी, अडकू नये. तंबोऱ्याच्या जवारीवर धागा सरकवणाऱ्याची बोटं आठवावीत, इतका हलका हात. खरी गंमत पुढे आहे. स्क्रू बरोबर बसवून लॉकनट आवळला की स्क्रू जागचा हलतो आणि फट बदलते. कच्चा गडी आवळतो, तपासतो, सोडतो, परत आवळतो. मुरलेला मिस्त्री आवळायच्या आधी मुद्दाम किंचित चुकीचं लावतो. नट किती खाणार, हे त्याच्या मनगटाला ठाऊक असतं. रॉकरच्या तोंडाला झिजून खड्डा पडला असेल तर सपाट पात त्यावरून आडवी जाते आणि फट आहे त्याहून कमी दाखवते. म्हणून तो आधी तोंडावरून नख फिरवतो. गेजवर आंधळा विश्वास ठेवणारा मिस्त्री मी तरी मानत नाही.

ड्रायव्हरला मात्र हवी असते शांतता. सैल टॅपेट टकटक करून बोंब तरी मारतो; घट्ट टॅपेट गप्प बसून घात करतो. गरम झालं की लोखंड वाढतं, फट संपते, व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही. कॉम्प्रेशन गळतं, सीटला द्यायची उष्णता व्हॉल्व्हमध्येच राहते आणि तो जळतो. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याला फटही बहुधा इनलेटपेक्षा जास्त.

एप्रिल 2020पासून प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाले, गॅरेजात स्कॅनर आले. इंजेक्टरची तक्रार स्कॅनर चटकन सांगतो, पण बऱ्याच अवजड डिझेल इंजिनांत रॉकरवरचा स्क्रू आणि लॉकनट अजून तसेच आहेत. तिथे पात आणि मनगटच लागतं.

"मिस्त्री, थोडा आवाज राहिलाच की."

"राहू द्या. घाटात उपयोगी पडेल."