पेटी आणि प्रतीक्षा

जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी मी पुन्हा वाचली ती शहापूरला, आकाशदर्शनाच्या रात्रीआधी. जमीन खोदताना एका प्रगत संस्कृतीची पेटी हाती लागते आणि कथा सुसाट सुटते. मला खटकते ती हीच घाई. शोधायला लागण्याआधीच सापडलेले असते.

हौशी शोधकाचा अनुभव उलटा. १९९९ ते २०२० ‘सेटी अ‍ॅट होम’ या उपक्रमात लाखो स्वयंसेवकांच्या घरगुती संगणकांनी अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेला रेडिओ गोंगाट चाळला. परग्रहावरचा खात्रीचा संदेश एकही नाही. मुरबाडला माझाही संगणक त्यात होता. भारनियमनापुरता थांबे, पुन्हा सुरू होई.

नारळीकरांना ही प्रतीक्षा ठाऊक होती. २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले, त्या प्रयोगात ते होते. नमुन्यांत सूक्ष्मजीव निघाले. ते अंतराळातून आले की इथूनच वर गेले, हे अनिर्णितच राहिले. कादंबरी त्याच्या बरीच आधीची, तिला दोष कसा द्यावा? पण त्या अनिर्णिताची कथा मला नारळीकरांकडूनच हवी होती. पेटीच्या गोष्टीपेक्षा ती अवघड, आणि मराठीत ती आतून माहीत असलेला दुसरा कथाकार मला दिसत नाही.