उत्तरांत उरलेली पत्रे

अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) पत्रांची चर्चा बहुधा सैनिकाच्या पत्रापासून सुरू होते आणि तेथेच थांबते. केन बर्न्स यांच्या १९९० मधील दूरचित्रवाणी माहितीपटाने मेजर सुलिव्हन बालू याचे जुलै १८६१ मधील, पत्नीस उद्देशून लिहिलेले पत्र लक्षावधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचविले. ‘युद्धातील पत्र’ म्हणजे रणांगणावरून घराकडे लिहिलेले पत्र, हे समीकरण त्यामुळे अधिकच दृढ झाले. घराकडून छावणीकडे गेलेली पत्रे मात्र पुराव्यादाखल उद्धृत होत राहिली. स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून त्यांच्याकडे फारसे पाहिले गेले नाही.

या असमतोलाचे पहिले कारण भौतिक आहे. सैनिकाचे पत्र घरातल्या पेटीत सुरक्षित राहिले. पुढे अनेक विधवांनी आणि वृद्ध मातांनी ते निवृत्तिवेतनाच्या अर्जासोबत नात्याचा पुरावा म्हणून जोडले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या अर्जांच्या बाडांत अशी पत्रे आजही आहेत. घरचे पत्र मात्र कूच करणाऱ्या माणसाच्या पाठपिशवीत होते. ते पावसात भिजले, वाचून वाचून घडीवर फाटले, किंवा लढाईपूर्वी जाळले गेले. कारण आपण पडल्यास पत्नीचे खाजगी शब्द शत्रूच्या हाती लागू नयेत, असे अनेकांना वाटे. म्हणजे ही पत्रे केवळ उपेक्षेमुळे नव्हे, तर जिव्हाळ्यामुळेही नाहीशी झाली. संग्रहातील ही रिकामी जागा त्या पत्रव्यवहाराच्या अर्थाचाच एक भाग आहे.

टेक्सासमधील हॅरिएट आणि थिओफिलस पेरी या दांपत्याचा, २००० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला १८६२–६४ मधील पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी उपलब्ध आहे, पण तो अपवाद होय. एरवी पत्नीचे पत्र पतीच्या उत्तरातच शोधावे लागते. मका केव्हा विकावा, देणे कोणाचे आधी फेडावे, मुलाच्या तापावर काय करावे, या सूचनांमागे न उरलेले प्रश्न उभे असतात. मात्र उत्तर हे प्रश्नाचे प्रतिबिंब नव्हे. पती ज्या गोष्टीला उत्तर देतो तेवढीच उरते. जिला तो बगल देतो ती पुन्हा एकदा हरवते. उत्तरावरून मूळ पत्राची ‘पुनर्रचना’ करणारा अभ्यासक नकळत पतीची निवडच स्वीकारीत असतो.

या पत्रांच्या आशयाविषयीचा वाद या पार्श्वभूमीवर तपासावा लागतो. दक्षिणेत पहिल्या महायुद्धातल्यासारखी सैनिकी टपालाची पद्धतशीर तपासणी नव्हती. पण पत्र कसे असावे याचा दंडक होता. स्त्रियांनी उमेद वाढविणारी पत्रे लिहावीत, रडगाणे गाऊ नये, असे वृत्तपत्रे बजावीत होती. ड्रू गिल्पिन फाउस्ट यांनी १९९० मधील आपल्या निबंधात, स्त्रियांनी त्यागाची ही संहिता अखेर नाकारली आणि त्यातून दक्षिणेच्या पराभवाला हातभार लागला, अशी मांडणी केली. गॅरी गॅलघर यांनी १९९७ मध्ये, दक्षिणेतील जनतेची युद्धनिष्ठा शेवटपर्यंत बऱ्याच प्रमाणात टिकून होती, असे प्रतिपादन केले. निष्कर्ष परस्परविरोधी असले, तरी या वादात पत्र हे लेखिकेच्या मनःस्थितीचे निवेदन म्हणूनच प्रामुख्याने वाचले जाते. पत्र ही एका विशिष्ट व्यक्तीला उद्देशून केलेली कृतीही असते, हे त्यात मागे पडते. ‘घरी या’ हे वाक्य पलायनाची चिथावणी असू शकते, रजेची मागणी असू शकते, किंवा दूर गेलेल्या पतीला कुटुंबप्रमुखाच्या भूमिकेत धरून ठेवण्याचा प्रयत्नही असू शकते. त्यातील कोणता अर्थ खरा, हे एकट्या वाक्यावरून ठरत नाही.

मिझुरीतील एका गुलाम स्त्रीचे ३० डिसेंबर १८६३ चे पत्र या वाचनपद्धतीची खरी कसोटी पाहते. तिचा पती उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला होता आणि त्याचा सूड मालक तिच्यावर उगवीत होता. कृष्णवर्णीयांना लिहावाचावयास शिकविणे मिझुरीत १८४७ च्या कायद्याने निषिद्ध होते. त्यामुळे अशा पत्रात बोलणारा आवाज आणि लिहिणारा हात एकच होता, असे गृहीत धरता येत नाही. पत्रात तक्रार आहे, पतीला दिलेला दोषही आहे. पण तिला ‘मनोधैर्य खचल्याचा’ पुरावा म्हणणे विपर्यास ठरेल. मिझुरी उत्तरेतच राहिल्याने १८६३ ची मुक्तिघोषणा तेथे लागू नव्हती. तेथील गुलामगिरी जानेवारी १८६५ मध्ये संपली. कृष्णवर्णीय सैनिकांच्या पत्नी व मुले यांना मुक्त करणारा संघराज्याचा कायदा त्याच वर्षी मार्चमध्ये झाला. पतीच्या सैनिक होण्याची किंमत ती अजून गुलाम असताना चुकवीत होती आणि तिची तक्रार नेमकी त्या विसंगतीवर बोट ठेवते. हे पत्र उरले तेही लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहाराला जोडले गेल्यामुळे. पतीसाठी लिहिलेला मजकूर शासनासमोर साक्ष झाला.

पेटी, निवृत्तिवेतनाचा अर्ज, लष्करी दप्तर यांपैकी पत्र जेथे उरते, ते स्थान त्याचा वाचकही बदलते. म्हणून गृहपत्राच्या समीक्षेला दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: हे पत्र काय सांगते, आणि ते कोणाच्या गरजेमुळे टिकले? दुसरा प्रश्न गाळला, की हरवलेल्या पत्रांची जागा अभ्यासकाच्या कल्पनेने भरली जाते. मग न उरलेली स्त्री पुन्हा दुसऱ्याच्याच उत्तरातून बोलू लागते.