चेहरा कोणाचा, नाव कोणाचे?

अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यक्तिचित्रांविषयी लिहिताना समीक्षक दोन गोष्टी गृहीत धरतात. कपडे, जमीनजुमला, खांब-पडदे यांतून माणसाचा दर्जा दिसतो आणि चेहऱ्यातून त्याचे व्यक्तिमत्त्व. ही वाटणी मला मान्य नाही. व्यक्तिमत्त्व असण्याचा मान कोणाला मिळायचा, हेही त्या समाजात दर्जावरच ठरत होते.

गेन्सबरोचे 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' (सुमारे १७५०) पाहा. अर्ध्याहून अधिक चित्र जमिनीने व्यापले आहे. धान्याच्या पेंढ्या रचलेल्या आहेत. पण पेरणारा, कापणारा एकही माणूस तेथे नाही. राबणाऱ्याला चौकटीबाहेर काढूनच मालकाचा दर्जा उभा केला आहे. चित्रशाळेतही हाच न्याय होता. लंडनचे अनेक नामवंत चित्रकार चेहरा स्वतः रंगवीत आणि रेशीम, मखमल रंगवण्याचे काम दुसऱ्याकडे देत. जोसेफ व्हॅन आकेन (मृत्यू १७४९) हा त्या कामातला वाकबगार कारागीर. धनिकांचा थाट त्याच्या हातचा, कीर्ती मात्र चेहरा रंगवणाऱ्याची.

रॉयल ॲकॅडमी १७६८ साली स्थापन झाली. तिचा पहिला अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स. त्याने १७६५च्या सुमारास भारतात पैसा कमावून परतलेल्या जॉर्ज क्लाइव्हचे कुटुंब रंगवले. त्यात लहान मुलीला सावरीत गुडघ्यांवर बसलेली एक भारतीय आया आहे. माझ्या मते त्या चित्रातला सर्वांत जिवंत चेहरा तिचाच आहे. पण चित्राच्या नावात ती केवळ 'भारतीय दासी' आहे. तिला चेहरा मिळाला, नाव मिळाले नाही.

हॉगार्थने १७५०च्या दशकात आपल्या घरच्या सहा नोकरांचे चेहरे एकाच कॅनव्हासवर रंगवले. येथे कोणी तबक धरलेले नाही, कोणी वाकलेले नाही. एरवी मालकाच्या चेहऱ्याला मिळणारी एकाग्र नजर येथे नोकरांना मिळाली आहे.

इग्नेशस सँचो गुलामगिरीत जन्मला. १७६८ साली बाथ येथे गेन्सबरोने त्याचे चित्र काढले, तेव्हा तो माँटॅग्यू ड्यूकच्या घरी चाकरीला होता. चित्रात चाकराचा गणवेश नाही. जाकिटात हात खोवून तो एखाद्या सभ्य गृहस्थासारखा बसला आहे. गेन्सबरोने त्याला व्यक्तिमत्त्व बहाल केले, असे मी म्हणणार नाही. ते सँचोचेच होते. चित्रकाराने ते नाकारले नाही, एवढेच. पुढे चाकरी सोडून सँचोने वेस्टमिन्स्टरमध्ये किराणा दुकान थाटले आणि १७७४ व १७८० साली संसदेच्या निवडणुकीत मतदान केले. हा हक्क त्याला चित्राने दिला नाही, स्वतंत्र संसाराने दिला.

म्हणून कलेने माणूस म्हणून पाहिले, यावर आपण समाधान मानू नये. माणसाकडे नीट पाहणे ही कलावंताची किमान बांधिलकी आहे. हक्काची लढाई चौकटीबाहेरच लढावी लागते.